पाणवठा आणि मोजणी: प्रकल्प नोंदी, 2025

18 जानेवारी

कामं दोन आहेत: पक्ष्यांसाठी उथळ पाणवठा उभा करणं आणि त्याच जागेवरून ठरलेल्या पद्धतीने मोजणी चालू ठेवणं. ती एकत्रच व्हायला हवीत. पाणवठ्यात केलेला प्रत्येक बदल मोजणीत उतरतो. तो वहीत लिहिलेला नसेल, तर वर्षअखेरीस "बुलबुल वाढले" असा निष्कर्ष निघतो आणि खरं कारण एवढंच असतं की भांडं सावलीत सरकवलं होतं.

म्हणून पाणी आत्ता ठेवायचं नाही. फेब्रुवारीपर्यंत नुसती मोजणी. नाहीतर पाण्याआधी इथे काय दिसत होतं हे नंतर कधीच कळणार नाही.

नियम: बसायची जागा एकच. वेळ 15 मिनिटं, त्यात वाढ-घट नाही. सुरुवात सूर्योदयानंतर अर्ध्या तासाने. घड्याळातली वेळ पक्की करू नये, कारण ऋतूप्रमाणे सूर्योदय सरकतो आणि तीच सात वाजताची मोजणी कधी पहाटेच्या कलकलाटात पडते, तर कधी तो ओसरल्यावर. वारा ब्यूफोर्ट मापावर लिहायचा. पानं आणि बारीक डहाळ्या सतत हलत असतील तर 3, धूळ आणि कागद उडू लागले तर 4. चारच्या वर मोजणी रद्द, कारण आवाज ऐकू येत नाहीत आणि पानांतली हालचाल वेगळी ओळखता येत नाही.

26 जानेवारी

संख्या कशी लिहायची हा प्रश्न लवकर सोडवलेला बरा. एकच दयाळ 15 मिनिटांत पाच वेळा समोरून जातो. प्रत्येक वेळी एक धरला तर पाच दयाळ होतात. नियम असा ठरला की एका वेळी एकत्र दिसलेले जास्तीत जास्त पक्षी हीच त्या मोजणीची संख्या. अपवाद फक्त नर-मादी स्पष्ट वेगळे असतील तेव्हा. आधी काळाकुळकुळीत नर आणि नंतर राखाडी मादी दिसली तर दयाळ 2. कोकिळेचंही तसंच, नर काळा आणि मादी तपकिरी, अंगभर पांढरे ठिपके.

या नियमाने आकडा खऱ्यापेक्षा कमीच येतो. ते चालतं. दरवेळी सारख्याच पद्धतीने कमी येणारा आकडा तुलनेला उपयोगी पडतो. कधी कमी, कधी जास्त येणारा मात्र कशालाच उपयोगी नाही.

नुसता आवाज ऐकला तर "ऐ" आणि दिसला तर "दि". वरून उडत गेलेल्या घारी, बगळे यांचा रकाना वेगळा, कारण ते ही जागा वापरत नसतात.

2 फेब्रुवारी

भांड्याची निवड. व्यास 40 सेंमी, तळाचा व्यास 30 सेंमी, काठ तिरका. पाणी 3 सेंमी भरलं की साधारण 2.7 लिटर बसतं. खोली हाच कळीचा मुद्दा आहे. शिंपी, चष्मेवाला अशा छोट्या पक्ष्यांना 1 ते 2 सेंमी पुरतं, बुलबुल आणि साळुंखीला 3 ते 5 सेंमी. पाच सेंमीच्या पुढे छोटे पक्षी काठावरूनच पितात, आंघोळीला उतरत नाहीत. एकाच भांड्यात दोन्ही हवं असेल तर एका बाजूला चपटे दगड रचून उतार करायचा.

चकचकीत लेपाचं भांडं नको, कारण पाय घसरला की पक्षी उतरत नाही. प्लास्टिक हलकं असतं, साळुंखी काठावर बसली की कलतं. सिमेंटचं भांडं खडबडीत आणि जड, म्हणून चांगलं. पण नव्या सिमेंटमधून चुना सुटतो आणि पाणी अल्कधर्मी होतं. आठवडाभर भरून ठेवायचं, रोज पाणी ओतून नवं घालायचं, मगच वापरायचं. बिनलेपाची मातीची परात उत्तम: पाणी झिरपत राहतं आणि बाष्पीभवनाने गार राहतं. झिरपण्याने पातळी लवकर खाली जाते, एवढाच तोटा. मातीची परातच घेतली.

14 ते 17 फेब्रुवारी

ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंटचे चार दिवस. हा उपक्रम 1998 मध्ये सुरू झाला आणि 2013 पासून जगभर चालतो. अट साधी आहे: एका जागी किमान 15 मिनिटं, आणि ओळखता आलेला प्रत्येक पक्षी नोंदवायचा. आपला 15 मिनिटांचा नियम त्यात नेमका बसतो.

ईबर्डवर (पक्षीनोंदींचं संकेतस्थळ) यादी भरताना एक प्रश्न येतो, ओळखलेले सगळे पक्षी लिहिले का? "हो" म्हटल्यावरच ती यादी पूर्ण धरली जाते आणि मग न लिहिलेला पक्षी "दिसला नाही" या अर्थाने मोजता येतो. बऱ्याच जणांची गफलत इथे होते. कावळा, पारवा यांना काय लिहायचं म्हणून ते वगळतात आणि तरीही "हो" टिचकवतात. त्या यादीनुसार तिथे कावळेच नव्हते! दुर्मीळ पक्ष्यांपुरत्या याद्या आठवण म्हणून ठेवाव्यात, पण त्यांतून वाढ-घट कळत नाही.

एका जागची यादी म्हणजे 30 मीटरच्या आत. त्याहून जास्त चाललात तर तिचा प्रकार बदलायचा आणि अंतर लिहायचं.

23 फेब्रुवारी

पाणवठ्याची जागा ठरवली. तीन अटी एकमेकींशी भांडतात.

झुडूप जवळ हवं, कारण भिजलेल्या पक्ष्याला नीट उडता येत नाही, त्याला लगेच फांदीवर जाऊन पिसं साफ करायची असतात. पण झुडूप अगदी लागून असेल तर त्यात मांजर दबा धरते. 2 ते 3 मीटर अंतर हा त्यातला मध्य. सकाळी कोवळं ऊन चालतं, अकरानंतर सावली हवी. आणि तिसरी अट, जिच्याकडे दुर्लक्ष होतं, ती काचेची. खिडकीत झाडाचं प्रतिबिंब दिसतं आणि घाबरून उडालेला पक्षी त्यात घुसतो. भांडं काचेपासून 1 मीटरच्या आत ठेवलं तर धडकेला पुरेसा वेगच येत नाही. नाहीतर 10 मीटरच्या पलीकडे ठेवावं. मधलं अंतर सगळ्यात वाईट.

इथे 1 मीटरच्या आत जागा नाही आणि 10 मीटरवर सावली नाही, म्हणून भांडं मधल्या अंतरावर ठेवून काचेलाच खुणा केल्या. पांढऱ्या रंगाचे ठिपके, बाहेरच्या बाजूने, आडवे-उभे 5 सेंमी अंतरावर. आतून लावले तर प्रतिबिंब तसंच राहतं. ससाण्याच्या आकाराचं एकच काळं चित्र चिकटवण्याचा उपाय सगळीकडे दिसतो; पक्षी त्याला घाबरत नाहीत, त्याच्या शेजारच्या मोकळ्या काचेवर आपटतात.

धडकून पडलेला पक्षी दिसला तर झाकणाच्या, भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात अंधारात ठेवायचा. पाणी पाजायचं नाही, ते श्वासनलिकेत जाऊ शकतं. तास-दोन तासांनी झाडाजवळ खोकं उघडायचं. उडाला तर ठीक, नाहीतर जाणकाराकडे न्यायचा.

परात गुळगुळीत नळीच्या खांबावर, जमिनीपासून सव्वा मीटर उंच.

9 मार्च

पहिले आले पारवे. ठिपकेदार होला त्यांच्या मागोमाग. दोघे चोच पाण्यात बुडवून, मान न उचलता सलग ओढून पितात. बाकीचे बहुतेक पक्षी घोटभर घेऊन मान वर करतात. पातळी 1 सेंमीवर आली तरी बुलबुलाचं भागतं. होल्याला मात्र चोच बुडण्याइतकं पाणी लागतं, त्यामुळे पातळी उतरली की आधी होले येईनासे होतात. मोजणीत होले शून्य आले तर आधी पट्टी बुडवून पाहायची.

पारव्यांच्या आंघोळीनंतर पाण्यावर पांढुरकी साय दिसते. ती घाण वाटते, पण असते त्यांच्या पिसांची भुकटी. निरुपद्रवी आहे, मात्र तिच्यामुळे पाणी लवकर गढूळ होतं. उपाय एकच, सकाळचं पाणी दुपारी पुन्हा बदलणं.

23 मार्च

ठिबक बसवलं. स्थिर पाण्यापेक्षा हलतं पाणी लांबून दिसतं आणि ऐकूही येतं.

सामान: 5 लिटरचा कॅन, सलाईनची नवी, न वापरलेली नळी (सुई कापून टाकलेली), काळी चिकटपट्टी, नायलॉनचं बारीक कापड. साधारण 20 थेंबांचा 1 मिलिलिटर धरायचा. सेकंदाला एक थेंब म्हणजे तासाला 180 मिलि, बारा तासांत दोन लिटरच्या थोडं वर. कॅन सकाळी भरला की संध्याकाळपर्यंत पुरतो. थेंब 60 ते 75 सेंमीवरून पडू द्यायचा. त्याहून उंचावरून पडला तर पाणी परातीबाहेर उडतं.

अडचणी आणि कारणं. कॅनचं झाकण घट्ट लावलं तर थोड्या वेळाने ठिबक थांबतं, कारण आत हवा जात नाही. झाकणाला भोक पाडलं तर सुरू होतं, पण कॅनमधली पातळी उतरते तसा दाब कमी होतो आणि दुपारी, गरज सर्वांत जास्त असते तेव्हा, थेंब मंदावतात. जमलेला उपाय असा: झाकण हवाबंद ठेवायचं आणि त्यातून एक बारीक नळी आत सोडायची, तिचं खालचं टोक कॅनच्या तळाजवळ. हवा तेवढ्याच वाटेने येते, म्हणून पाणी त्या टोकापर्यंत उतरेस्तोवर दाब जवळजवळ सारखा राहतो. यात एक पेच आहे. कॅनवर ऊन पडलं की आतली हवा फुगते आणि पाणी ढकलून बाहेर काढते. ठिबक अचानक धार होतं. कॅन पूर्ण सावलीतच हवा.

नळी पारदर्शक असल्याने आठवडाभरात आत शेवाळ धरतं आणि चाकाच्या चिमटीशी अडकतं. नळी आणि कॅन काळ्या पट्टीने गुंडाळले. नळीला वर उचललेला बाक राहू देऊ नये, तिथे हवेचा बुडबुडा अडतो.

6 एप्रिल

ठिबकाचा परिणाम मोजणीत दिसतो, पण सगळ्यांत सारखा नाही. चष्मेवाले आणि शिंपी वाढले. शिंजीर परातीत उतरतच नाही. तो थेंब उडून भिजलेल्या पानांवर अंग घासतो. त्याच्यासाठी मोठ्या पानांची कुंडी परातीशेजारी ठेवली आणि सकाळच्या मोजणीआधी पानांवर पाणी शिंपडायला सुरुवात केली. ही नवी गोष्ट म्हणून आजच्या तारखेला लाल शाईने लिहिली आहे. पुढे शिंजीर वाढले तर ते शिंपडण्यामुळे.

तारेवर वेडे राघू आणि कोतवाल रोज दिसतात, पाणवठ्यावर नाहीत. त्यात परातीचा दोष नाही. ते उडता उडता पाण्यात सूर मारून भिजतात, खंड्याही तसाच. त्यासाठी मोकळं, खोल पाणी लागतं. तांबट दिवसभर टुक-टुक करतो पण फळांतून पाणी मिळत असल्याने सहसा खाली येत नाही. बघायला आलेले लोक हमखास विचारतात की वेडे राघू का येत नाहीत. उत्तर भांड्याच्या व्यासात आहे.

20 एप्रिल

स्वच्छता. पाणी रोज बदलायचं हे सगळ्यांना माहीत असतं, घासायचं हे नाही. एडिस डासाची अंडी पाण्याच्या रेषेशी भांड्याच्या भिंतीला चिकटतात आणि कोरडी राहूनही महिनोन्महिने टिकतात. नुसतं ओतून पुन्हा भरलं की तीच अंडी फुटतात. उबदार हवेत अंड्यापासून डास व्हायला आठवडा-दहा दिवस लागतात, म्हणून दर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी काठ ब्रशने घासला की साखळी तुटते.

साबण नको, त्याचा अंश पिसांवरचं तेल काढतो. आठवड्यातून एकदा घरगुती ब्लीच 1 भाग, पाणी 9 भाग, दहा मिनिटं ठेवून घासायचं, वास जाईपर्यंत धुवायचं, उन्हात पूर्ण वाळवायचं. आजारी पक्षी दिसला (पिसं फुगवून बसलेला, गिळायला त्रास होणारा होला किंवा पारवा, किंवा चोच-डोळ्यांभोवती गाठी असलेला कुठलाही) तर पाणवठा दोन आठवडे बंद. मोजणी चालू. वहीत "पाणी नाही".

11 मे

मधमाश्या. उन्हाळ्यात त्या पोळं गार ठेवायला पाणी नेतात आणि एकदा जागा सापडली की सोडत नाहीत. परातीत बुडून मरतात. पाण्यावरून त्यांना हाकलणं व्यर्थ आहे. वेगळी बशी ठेवली, त्यात खडे आणि ओल्या गोणपाटाचा तुकडा, पाणी खड्यांच्या माथ्याखाली. बशी परातीला लागून ठेवायची, मग रोज थोडी थोडी दूर न्यायची. एकदम दूर नेली तर माश्या परातीवरच राहतात.

कावळे कोरडे तुकडे आणून भिजवतात, कधी हाडं, कधी मेलेला उंदीर. पाणी तासाभरात नासतं. त्यांच्यासाठी जमिनीवर, मोकळ्या जागेत खोलगट टोपलं ठेवलं. बहुतेक कावळे तिकडे वळले, सगळे नाही.

दुपारी दीडची जादा मोजणी सुरू. सकाळच्या आकड्यात ती मिसळायची नाही, वेगळं पान.

1 जून

आजची मोजणी: शून्य. पहिली चार मिनिटं नेहमीचा गोंगाट, मग खारीची चिर्र-चिर्र आणि सगळं बंद. शिक्रा (छोटा शिकारी पक्षी) दिसायच्या आधी शांतता ऐकू येते. तो आंब्याच्या आतल्या फांदीवर होता. शून्य खोडायचं नाही, शेजारी कारण लिहायचं. पहिल्या चार मिनिटांतले पक्षी काठावर न उतरल्याने पाणवठ्याच्या रकान्यात शून्य, परिसराच्या रकान्यात त्यांची नावं आहेत.

याच सुमारास पावशाही ओरडत असतो, आणि तो उडताना हुबेहूब शिक्रा वाटतो. छोटे पक्षी त्यालाही तसेच हाकलतात. फरक बसल्यावर कळतो. पावशाची चोच आकडीसारखी नसते, डोळ्याभोवती पिवळं कडं असतं आणि फांदीवर उतरल्यावर तो शेपूट डावी-उजवीकडे हलवतो. उडतानाच दिसला असेल आणि आवाज नसेल तर "शिक्रा/पावशा" असंच लिहायचं. अर्धवट नोंद चुकीच्या नोंदीपेक्षा बरी.

15 जून

पाऊस लागला. कॅन आणि नळी काढून, धुवून, वाळवून ठेवली. परात ठेवली आहे, पण पावसाने ती काठोकाठ भरते आणि छोट्या पक्ष्यांसाठी खोल होते. काठाला 3 सेंमी उंचीवर भोक पाडलं. मातीच्या परातीला हे काम ओली करून, हाताच्या गिरमिटाने हळू करायचं, नाहीतर तडा जातो.

कुंपणाची छाटणी थांबवली. दोन रुंद पानं कडेने एकत्र शिवलेली दिसली की ते शिंप्याचं घरटं. कापूस, कोष्ट्याचं जाळं, झाडाचे तंतू एवढ्यावर ते टिकलेलं असतं. पानं बाजूला करून आत डोकावायचं नाही. आई-बाप ये-जा करतात का हे लांबून पाच मिनिटं पाहिलं की पुरे.

13 जुलै

पाणवठ्यावरची संख्या जवळजवळ नाहीशी झाली. सगळीकडे डबकी असताना परातीकडे कोण येणार? परिसराच्या रकान्यात मात्र सगळे आहेत. दोन रकाने ठेवल्याचा फायदा इथे होतो. एकच असता तर पक्षी गेले असं वाटलं असतं.

कावळीमागे तोंड वासून फिरणारं कोकिळेचं पिल्लू. आवाज कर्कश, कावळ्याच्या पिल्लासारखा. मोजणीत "कोकीळ 1, पिल्लू, कावळ्याकडून भरवलं" असं लिहायचं. नुसतं "कोकीळ 1" लिहिलं तर प्रजननाची नोंद हातची जाते.

7 सप्टेंबर

विणीनंतरची पिसं बदलायची वेळ. डोकं पार टक्कल पडलेली साळुंखी, खाली पिवळी कातडी. हिच्यासाठी "नवा पक्षी" म्हणून फोटो येतील. शिंजीर नरही चमकदार जांभळा रंग सोडून मादीसारखा होतो, फक्त गळ्यापासून पोटापर्यंत काळी पट्टी उरते. या महिन्यात "शिंजीर मादी" लिहिण्याआधी छाती समोरून पाहायची. बाजूने पट्टी दिसत नाही.

ध्वनिमुद्रण सुरू. फोनमध्ये आवाज आपोआप कमी-जास्त करणारी आणि गोंगाट गाळणारी सोय बंद करायची, डब्ल्यूएव्ही स्वरूप, 48 किलोहर्ट्झ. तारीख, वेळ, ठिकाण तोंडाने शेवटी सांगायचं, आधी बोललं तर पक्षी उडतो. मर्लिन (आवाजावरून पक्षी ओळखणारं ॲप) जे नाव सुचवतं ते फक्त सूचना समजायची. कोतवाल शिक्र्याची नक्कल करतो, आणि कुठलंही ॲप तिथे फसू शकतं. नाव वहीत जायला एकतर पक्षी दिसायला हवा, नाहीतर मुद्रण दुसऱ्या माणसाने ऐकून त्याला पटायला हवं.

5 ऑक्टोबर

करडा धोबी पक्षी आला. परातीच्या काठावर नाही, ओल्या फरशीवर, शेपूट खालीवर. झुडपातून दोन दिवस चक-चक ऐकू येतं, हिवाळी वटवट्यांपैकी एखादा. दिसला नाही, म्हणून "वटवट्या, ऐ, जात अनिश्चित".

पाऊस ओसरला, डबकी आटतायत. ठिबक पुन्हा लावायच्या आधी एक आठवडा नुसत्या स्थिर पाण्यावर मोजणी घ्यायची, म्हणजे मार्चशी तुलना करता येईल. नळी जुनी कडक झाली आहे, नवी घ्यायची. चिमटीचं चाक पावसात ठेवल्याने गंजलं नाही पण सैल झालंय. काचेवरचे ठिपके खालच्या ओळीत पुसट झालेत, ते आधी रंगवायचे, परात नंतर.